संशयाचा पेच, संमतीचा संवाद: ‘लेडीकिलर इन अ बाइंड’ या विनोदी प्रौढ दृश्यकादंबरीची बलस्थाने आणि मर्यादा

प्रास्ताविक

संगणकाच्या पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या आणि वाचकाने केलेल्या निवडीनुसार वळण घेणाऱ्या कथनप्रकाराला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ अर्थात दृश्यकादंबरी असे म्हटले जाते. मागे स्थळाचे चित्र, त्यापुढे पात्रांच्या आकृती, खालच्या चौकटीत क्रमाने उमटणारा मजकूर, सोबतीला संगीत आणि ठरावीक टप्प्यांवर वाचकापुढे ठेवलेले पर्याय, एवढ्या मोजक्या सामग्रीवर हा प्रकार उभा असतो. त्याची जडणघडण प्रामुख्याने जपानमध्ये झाली. युजी होरी यांची ‘पोर्टोपिया’ ही १९८३ची रहस्यकथा त्याची पूर्वसूरी मानली जाते. चुनसॉफ्ट या संस्थेने १९९२मध्ये ‘ओतोगिरिसो’ ही ‘ध्वनिकादंबरी’ प्रसिद्ध केली आणि लीफ या संस्थेने १९९६मध्ये ‘शिझुकू’पासून आरंभलेल्या मालिकेने ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव रूढ केले. या परंपरेत प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या, शृंगाराला मोकळी जागा देणाऱ्या कृतींचा वाटा मोठा आहे. आणि त्यांपैकी अनेक कृतींत शृंगाराचा सांधा विनोदाशी जुळलेला आढळतो. ॲलिससॉफ्टची १९८९पासून निघालेली ‘रान्स’ ही मालिका त्याचे एक ठळक उदाहरण होय.

शृंगार आणि हास्य यांची ही जवळीक भारतीय साहित्यविचाराला अपरिचित नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आहे. ‘भाण’ आणि ‘प्रहसन’ हे दोन रूपकप्रकार तर या जवळिकीवरच पोसले गेले. ‘चतुर्भाणी’तील विट नगरातून फेरफटका मारतो तो प्रणयाच्या व्यवहाराची थट्टा करीतच. असे असूनही विनोदी शृंगारिक लेखनाकडे पाहण्याची आधुनिक समीक्षेची दृष्टी बहुधा अवघडलेली राहिली आहे. एक तर असे लेखन विचाराच्या कक्षेबाहेर ठेवले जाते, नाही तर ‘धीट’ या एका विशेषणावर त्याची बोळवण होते. संगणकीय खेळाच्या रूपात ते आले, म्हणजे या उपेक्षेत आणखी एका उपेक्षेची भर पडते.

प्रस्तुत लेखात अशाच एका कृतीचा विचार केला आहे. क्रिस्टीन लव्ह या कॅनेडियन लेखिकेची ‘लेडीकिलर इन अ बाइंड’ ही दृश्यकादंबरी ऑक्टोबर २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७च्या ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’मध्ये तिला उत्कृष्ट कथनासाठीचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास तिच्यातील एका प्रसंगावर तीव्र आक्षेप घेतले गेले आणि लेखिकेने तो प्रसंग वगळला. गौरव आणि आक्षेप या दोहोंचा विषय एकच होता: माणसांमधील संमती. हा योगायोग नव्हे. या कृतीचे सर्वांत मोठे बळ आणि तिची सर्वांत गंभीर मर्यादा एकाच ठिकाणी आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कृतीचा परिचय

लव्ह यांच्या आधीच्या कृतींतून त्यांची लेखनदृष्टी स्पष्ट झालेली होती. ‘डिजिटल: अ लव्ह स्टोरी’ (२०१०) मध्ये जुन्या संगणकजाळ्यावरील संदेशांतून प्रेमकथा उलगडते, ‘ॲनालॉग: अ हेट स्टोरी’ (२०१२) मध्ये एका निर्जन अवकाशयानातील नोंदींतून स्त्रियांच्या दमनाचा इतिहास वाचकाला जुळवावा लागतो. या कृतींत वाचक हा दुसऱ्याची कागदपत्रे वाचणारा, काहीसा अलिप्त साक्षीदार असतो. ‘लेडीकिलर’मध्ये हे अंतर मिटवले आहे. येथे वाचक कागदपत्रांतून बाहेर पडून भर बैठकीत, माणसांच्या गराड्यात येऊन पडतो. कृतीची तांत्रिक बैठक ‘रेन्पाय’ या मोफत प्रणालीवर आहे. २००४पासून उपलब्ध असलेल्या या प्रणालीमुळे जपानबाहेरच्या एकट्या-दुकट्या लेखकांनाही हा प्रकार हाताळता आला, ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. संगीत आयझॅक शँकलर यांचे आहे.

कथानकाचा सांगाडा सुखात्मिकेच्या जुन्या साच्यातला आहे. जुळ्या भावाच्या दबावामुळे नायिकेला त्याचा वेष घेऊन, त्याच्याच नावाने एका आलिशान जहाजावरील सहलीत वावरावे लागते. सोबतचे सज्ञान तरुण-तरुणी श्रीमंत घरांतले, भावाला ओळखणारे. त्यांच्यात मते मिळवण्याचा एक खेळ रंगलेला असतो आणि जिंकणाऱ्याला मोठी रक्कम मिळणार असते. नायिकेला ओळख लपवायची आहे, शक्य तर मतेही मिळवायची आहेत. आणि या धांदलीत तिचे मन मात्र भोवतालच्या तरुणींकडे ओढ घेत आहे. पात्रांना व्यक्तिनामांऐवजी प्रकारनामे आहेत. नायिका ‘बीस्ट’ अर्थात श्वापद. तिच्यावर अधिकार गाजवणारी ‘ब्यूटी’ अर्थात सुंदरी. एक सतत पाठलाग करणारे पात्र. त्यांखेरीज छायाचित्रकार, अध्यक्ष, पुस्तकी किडा अशी मंडळी.

शीर्षकातील ‘बाइंड’ हा शब्द श्लिष्ट आहे. दोरीचे बंधन आणि परिस्थितीची कोंडी हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. कृतीतील प्रणयात दोरीने बांधण्याचा खेळ केंद्रस्थानी असल्याने दोन्ही अर्थ शब्दशः खरे ठरतात. मराठीतील ‘पेच’ हा शब्द या श्लेषाच्या बराच जवळ जातो. कारण त्यातही पीळ आहे, डाव आहे आणि अडचणही आहे. कृतीला याखेरीज एक ओळभर लांबीचे पर्यायी शीर्षक आहे. त्यात सगळे कथानक एका दमात सांगून टाकलेले आहे. जपानी लोकप्रिय कथांच्या लांबलचक शीर्षकांची ती उघड थट्टा होय. वाचनापूर्वीच हसू आणून कृती वाचकाशी एक करार करते: येथे गांभीर्य येईल, पण ते विनोदाच्या दारातून.

संवादाची घडण आणि मौनाचा पर्याय

या कृतीचे पहिले बलस्थान तिच्या संवादरचनेत आहे. बहुतेक दृश्यकादंबऱ्यांत संवाद थांबतो, दोन-तीन पर्याय पडद्यावर येतात, वाचक सावकाश निवड करतो आणि संवाद पुढे सरकतो. परीक्षेतील प्रश्नपत्रिकेसारखी ही रीत आहे. ‘लेडीकिलर’मध्ये समोरचे पात्र बोलत असतानाच पर्याय उगवतात आणि बोलणे पुढे सरकले की मावळतात. मध्येच तोंड घालावे, की पुढच्या वाक्याची वाट पाहावी, हे वाचकाने ठरवायचे. काहीही न निवडणे हाही एक पर्यायच असतो. त्याचा अर्थ नायिका गप्प राहिली असा होतो आणि संभाषण त्यानुसार वळते.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलाचा साहित्यिक परिणाम मोठा आहे. विनोद हा वेळेवर जगतो. सोंगाड्याचे उत्तर क्षणभर उशिरा आले तर हशा येत नाही, आणि क्षणभर आधी आले तर प्रश्नच वाया जातो. छापील संवादात ही वेळ लेखक ठरवतो, रंगभूमीवर नट ठरवतो. या कृतीत ती वाचकाच्या हाती येते. एखादे फटकळ उत्तर समोर चमकून जाते, ते द्यावे की न द्यावे या विचारात क्षण निघून जातो आणि मग पर्याय उरतात ते केवळ सारवासारवीचे. प्रत्यक्ष जीवनात नेमके हेच घडते. न दिलेल्या उत्तराची हुरहुर आणि दिलेल्या उत्तराचा पश्चात्ताप, या दोन्हींतून येथे हास्य उपजते.

मौनाला मिळालेले स्थान हे त्याहून महत्त्वाचे. परस्परसंवादी कथनात वाचकाने सतत काही तरी ‘करावे’ अशी अपेक्षा असते. येथे न बोलण्याला अर्थ आहे, परिणाम आहे. कुणी आपले दुःख सांगत असताना विनोदी पर्याय समोर आला, तरी तो न उचलणे हे सौजन्य ठरते; तर कुणी अन्याय्य बोलत असताना गप्प राहणे ही संमती ठरू शकते. मौनाचा हा दुहेरी अर्थ वाचकाला कृतीतून अनुभवावा लागतो, आणि तो कोणत्याही निवेदनाने सांगण्यापेक्षा अधिक परिणामकारक आहे.

संमतीचा विनोद

दुसरे आणि सर्वांत मोलाचे बलस्थान शृंगाराच्या हाताळणीत आहे. विनोदी शृंगारिक लेखनाचा रूढ मार्ग म्हणजे स्त्रीच्या लाजेचा, नकाराचा किंवा फसगतीचा विनोद करणे. ‘नाही’ म्हणजे ‘हो’ या गृहीतकावर जगभरातील किती तरी फार्स उभे आहेत. ‘लेडीकिलर’ हे गृहीतक उलटे करते. नायिका आणि सुंदरी यांच्यातील प्रसंगांत वर्चस्व आणि शरणागतीचा खेळ आहे; परंतु खेळाच्या अगोदर, मध्ये आणि नंतर बोलणे आहे. काय चालेल, काय चालणार नाही, कुठे थांबायचे, थांबण्याची खूण कोणती, याची वाटाघाट होते. अशी वाटाघाट रसभंग करते असा एक समज आहे. लव्ह यांनी तीच रसाची जागा केली आहे.

नायिका स्वभावाने धटिंगण, बढाईखोर, स्वतःच्या आकर्षकतेवर फाजील विश्वास असलेली. पण आपल्याला नेमके काय हवे आहे हे स्पष्ट शब्दांत सांगायची वेळ आली की तिची जीभ अडखळते. येथील हास्य देहाच्या उघडेपणातून येत नाही. मनातले उघड करताना होणाऱ्या गोंधळातून येते. पुरुषी तोरा मिरवणारी ही ‘लेडीकिलर’ एका सरळ प्रश्नापुढे गारद होते. ज्याची थट्टा होते तो तोरा आहे, इच्छा नव्हे. इच्छेकडे कृती आदराने पाहते. अश्लील आणि शृंगारिक यांतील भेद विषयात नसून दृष्टीत असतो, असे म्हटले जाते. या प्रसंगांत तो भेद स्पष्ट दिसतो. येथे दुसऱ्या व्यक्तीचे मन हा प्रसंगाचा गाभा आहे.

स्त्रियांचे स्त्रियांवरील प्रेम हा येथे धक्का देण्याचा विषय नाही, समस्या म्हणूनही तो मांडलेला नाही. तो गृहीत आहे. त्यामुळे विनोदाचा रोख अस्मितेकडे न जाता स्वभावाकडे जातो. सुखात्मिकेसाठी हे हितकारक ठरते. कारण स्वभावाचा विनोद माणसाला मोठा करतो, तर अस्मितेचा विनोद त्याला नमुना करून टाकतो.

संशयाची परंपरा आणि संशयाचा आकडा

वेषांतर आणि संशय ही सुखात्मिकेची जुनी इंधने आहेत. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये जुळ्या भावंडांतील बहीण पुरुषवेष घेते आणि तिच्यावर एक स्त्रीच अनुरक्त होते, ‘लेडीकिलर’चा वंशवृक्ष तेथपर्यंत सहज पोहोचतो. संशयाच्या सुखात्मिकेची आणखी एक शाखा मोल्येरच्या १६६०च्या ‘स्गानारेल’पासून आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’मार्गे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’पर्यंत (१९१६) येते. मराठी अभ्यासकाला ही शाखा जवळची असल्याने येथे एक तुलना उद्बोधक ठरेल.

‘संशयकल्लोळ’मधील संशय खोटा असतो. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असते आणि संशय घेणारी फाल्गुनराव-कृत्तिका ही जोडी हास्यविषय होते. संशय हा तेथे कुणाचा तरी स्वभावदोष असतो. ‘लेडीकिलर’मधील संशय खरा आहे. भोवतालच्या मंडळींना जे खटकते ते खटकण्याजोगेच आहे. त्यामुळे संशय घेणारा हास्यास्पद ठरत नाही. संशय टाळू पाहणारी नायिका, आणि तिच्यामागे लपलेला वाचक, हास्यास्पद ठरतो. हास्याची दिशा अशी वाचकाकडे वळवणे हे या कृतीचे निःसंशय यश आहे.

मात्र याच ठिकाणी एक फरकही आहे आणि तो कृतीच्या मर्यादेकडे नेतो. येथे संशय मोजला जातो. चुकीचे बोलले की संशयाचे माप वाढते. ते मर्यादेपलीकडे गेले की नायिकेचे सोंग उघडे पडते आणि कथा अकाली संपते. संशय कुणाच्या मनात निर्माण झाला, कशामुळे, तो घेणारा माणूस कसा आहे, याला या मापात महत्त्व राहत नाही. फाल्गुनरावाचा संशय फाल्गुनरावाचा असतो. येथील संशय निनावी साठा होऊन बसतो. बर्गसॉंने हास्यविषयक आपल्या १९००च्या ग्रंथात सजीवावर चढलेले यांत्रिकतेचे कवच हे हास्याचे मूळ मानले. त्या अर्थाने नायिकेच्या यांत्रिक बनलेल्या सावधपणाचे हसू येते खरे. पण पुढे पुढे यांत्रिक होतो तो वाचक. समोरच्या माणसाचे बोलणे ऐकण्याऐवजी तो माप सांभाळू लागतो.

यंत्रणा आणि संहिता यांतील विसंगती

कृतीची मुख्य मर्यादा येथून सुरू होते. दिवसभर साठलेला संशय निवळावा यासाठी एक मार्ग ठेवला आहे: रात्र सुंदरीबरोबर घालवावी. तिच्या आधाराने संशय धुऊन निघतो. पाठलाग करणाऱ्या पात्राबरोबर रात्र घालवली तर लाभ मतांच्या रूपाने पदरात पडतो. म्हणजे एकीकडे सुरक्षितता, दुसरीकडे मते. आणि दोन्हींची किंमत सहवासात चुकवायची.

रचनाकाराच्या दृष्टीने ही मांडणी चतुर आहे. वाचकापुढे खरी ओढाताण उभी राहते आणि शीर्षकातील दोन्ही पात्रे कथेच्या दोन टोकांना बसतात. परंतु साहित्यविचाराच्या दृष्टीने येथे एक अंतर्विरोध निर्माण होतो. प्रसंगांची संहिता सांगते की जवळीक ही मुक्त मनाने, बोलून, समजून करावयाची गोष्ट आहे. त्या प्रसंगांभोवतीची यंत्रणा सांगते की जवळीक केली नाही तर संशय वाढेल आणि कथा संपेल. सुंदरी शब्दांनी विचारते, ‘तुला हे हवे आहे ना?’ अशा आशयाचे. आणि वाचकाच्या मनात उत्तर येते ते हव्या-नकोशाचे नसून हिशेबाचे असते. संमतीचा संवाद जितका सुंदर, तितका त्यामागील सक्तीचा हिशेब अधिक बोचतो.

खेळांच्या समीक्षेत अशा विसंगतीचा विचार नवा नाही. रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी २००७मध्ये ‘बायोशॉक’ या खेळाविषयी लिहिताना कथन एक मूल्य सांगते आणि खेळाचे नियम त्याच्या विरुद्ध मूल्य रुजवतात, या विसंवादाकडे लक्ष वेधले होते. ‘लेडीकिलर’मध्ये हा विसंवाद अधिक गंभीर आहे, कारण येथे संमती हाच कथनाचा आशय आहे. लढाईच्या खेळात नियम आणि नीती यांची फारकत झाली तर कथानक पोकळ वाटते. संमतीच्या कथेत ती झाली तर आशयाच्या मुळावरच घाव बसतो.

या विसंवादाचे समर्थन करता येणार नाही असे नाही. जहाजावरचे जग श्रीमंतांचे, सौदेबाजीचे, मतांचा बाजार मांडणारे आहे. अशा जगात प्रेमही हिशेबातून सुटत नाही हे दाखवणे हाच लेखिकेचा हेतू असावा, असा युक्तिवाद संभवतो. नायिका मुळात भावाच्या जबरदस्तीने तेथे आलेली आहे. तिची कोंडी वाचकालाही जाणवावी, हेही समजण्यासारखे आहे. परंतु हेतू असा असेल, तर कृतीने त्याची दखल प्रसंगांत घ्यावयास हवी होती. ‘तू माझ्याकडे आलीस ती गरजेपोटी की ओढीने?’ हा प्रश्न या नात्याच्या केंद्रस्थानी येऊ शकला असता आणि त्याचे उत्तर देताना वाचकाची खरी कसोटी लागली असती. प्रणयप्रसंगांचा एकंदर सूर मात्र असा राहतो की जणू हिशेब दाराबाहेर ठेवलेला आहे.

इतर मर्यादा त्या मानाने दुय्यम आहेत. एका वाचनात अनेक पात्रांच्या कथा अर्धवट सुटतात आणि त्या पुऱ्या करण्यासाठी पुन्हा आरंभापासून यावे लागते. पुनर्वाचनात पहिल्या वेळचा तात्कालिक विनोद फिका पडतो, कारण पर्याय केव्हा उगवणार हे आता ठाऊक असते. प्रकारनामांची युक्ती आरंभी चांगली रंगते. ‘पुस्तकी किडा’ म्हणून समोर आलेले पात्र आपल्या नावाबाहेर वागते तेव्हा साच्याला तडा गेल्याचा आनंद मिळतो. परंतु ज्यांच्या वाट्याला प्रसंग कमी आले ती पात्रे साच्यातच राहतात आणि मग नाव हेच त्यांचे चरित्र होऊन बसते.

वगळलेला प्रसंग: भाग आणि समग्र

आक्षेपांचा केंद्रबिंदू ठरलेला प्रसंग संमती स्पष्ट नसलेल्या शरीरसंबंधाचा होता. जो वाचकवर्ग या कृतीकडे संमतीचा आदर करणारी म्हणून आला होता, त्याला तो प्रसंग विश्वासघातासारखा वाटला. जानेवारी २०१७मध्ये लेखिकेने तो वगळला. छापील पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत ग्रंथालयात राहते; संगणकीय संहितेत बदल झाला की बहुतेक वाचकांपुरती जुनी संहिता नाहीशी होते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. उद्याच्या अभ्यासकापुढे जी ‘लेडीकिलर’ असेल, ती ऑक्टोबर २०१६ची असणार नाही.

लेखिकेच्या निर्णयाचा आदर राखूनही एक प्रश्न उरतो. तो प्रसंग आगंतुक होता काय? वर मांडलेला अंतर्विरोध ग्राह्य धरला, तर तसे म्हणता येत नाही. ज्या रचनेत जवळीक ही संरक्षणाची किंवा लाभाची किंमत म्हणून येते, त्या रचनेत सक्तीचा प्रसंग कधी ना कधी उगवणारच. प्रसंग वगळल्याने लक्षण दूर झाले. कारण नियमांत होते आणि ते तसेच राहिले.

येथे भाग आणि समग्र यांचा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९मध्ये न्यायालयाने कथा अश्लील ठरत नसल्याचा निर्णय दिला. आक्षेपार्ह उतारे स्वतंत्रपणे तपासावेत, पण समग्र लेखनाच्या संदर्भात त्यांचा विचार करावा, ही दृष्टी त्या निर्णयामागे होती. छापील कथेचे ‘समग्र’ म्हणजे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. दृश्यकादंबरीत मात्र कोणताही वाचक एका वाचनात सगळे वाचत नाही. दोन वाचकांच्या हाती दोन वेगळ्या कथा येतात. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात मांडल्याप्रमाणे अशा संहितेत वाचकाला वाट स्वतः काढावी लागते. मग समग्र कशाला म्हणावे? सर्व वाचकांना समान असते ती वाटा आखणारी नियमांची चौकट. तेच येथील समग्र होय. म्हणून अशा कृतीचा निवाडा, मग तो न्यायालयाचा असो वा समीक्षकाचा, सुट्या चित्रावर किंवा प्रसंगावर करता येणार नाही. त्या प्रसंगाकडे वाचकाला नेणाऱ्या नियमांवर करावा लागेल.

हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. ‘लेडीकिलर’ जानेवारी २०१७मध्ये स्टीम या विक्रीमंचावर काटछाटीविना उपलब्ध झाली, तेव्हा ती अपवादात्मक घटना होती. प्रौढांसाठीच्या कृतींना तेथे रीतसर स्थान मिळाले ते २०१८च्या बदललेल्या धोरणानंतर. पुढे जुलै २०२५मध्ये पैसे देवघेवीच्या कंपन्यांच्या दबावाखाली स्टीमने आपले नियम कडक करून अनेक प्रौढ खेळ काढून टाकले, आणि इच.आयओ या मंचाने प्रौढ आशयाच्या कृती शोधयादीतून सरसकट बाजूला केल्या. या कारवाईत क्रूर शोषणाचे खेळ आणि प्रेमाची विचारपूर्वक मांडणी करणाऱ्या कृती यांत भेद करण्याची फुरसत नव्हती. भेद करणे हे समीक्षेचे काम आहे. समीक्षेने ते टाळले की ते काम हिशेबनिसाकडे जाते आणि तो एकाच चाळणीतून सगळे गाळतो. लेखिकेने वाचकांचे ऐकून स्वतःची संहिता बदलणे आणि तिसऱ्याच कुणी न वाचता ती दिसेनाशी करणे, या दोन घटनांचा परिणाम वरकरणी सारखा दिसला, तरी त्यांत संवाद आणि सक्ती यांइतके अंतर आहे. ज्या कृतीचा विषयच संमती आहे, तिच्या संदर्भात हे अंतर विसरता येणार नाही.

समारोप

‘लेडीकिलर इन अ बाइंड’ने विनोदी शृंगारिक कथनाला तीन गोष्टी दिल्या. बोलण्याची वेळ आणि मौन यांना कथनाचे घटक केले. हास्याचा रोख इच्छेवरून काढून तोऱ्याकडे वळवला. आणि संमतीची वाटाघाट ही शृंगाराची पूर्वअट न ठेवता शृंगाराचाच भाग केली. तिसरी गोष्ट या प्रकारात विरळ आहे आणि पुढील लेखकांनी घ्यावी अशी आहे.

तिची मर्यादा मात्र हेच दाखवते की परस्परसंवादी कथनात मूल्य केवळ शब्दांत ठेवून भागत नाही. लेखक दोन भाषांत लिहीत असतो: एक वाक्यांची, दुसरी नियमांची. वाचक पहिली भाषा डोळ्यांनी वाचतो आणि दुसरी हातांनी. या कृतीची पहिली भाषा ‘तुझ्या मर्जीने’ असे म्हणते, तर दुसरी ‘नाही तर संपलेच’ अशी धमकी देते. या दोन भाषांचा मेळ घालणारी विनोदी प्रौढ दृश्यकादंबरी कशी असेल, हा प्रश्न ‘लेडीकिलर’ने मागे ठेवला आहे. तो विचारता येण्याइतकी उंची एका थट्टेखोर, लांबलचक शीर्षकाच्या कृतीने या प्रकाराला मिळवून दिली, याची नोंद तिच्या दोषांबरोबरच घ्यावी लागते.